सगुणाचा पंधरावा दिवस

सगुणा भित्री आहे हे साऱ्या मनोरीला ठाऊक आहे, आणि तीही ते कधी नाकारत नाही. कोळ्याच्या घरात जन्मलेली ही बाई मार्वेच्या फेरीबोटीत बसली की आजही काठाचा दांडा घट्ट धरून बसते. पाच-सात मिनिटांचा प्रवास, खाडीचं ते गरीब पाणी, आजूबाजूला मोबाइलवर हसणारी कॉलेजची पोरं. पण सगुणाचे ओठ पलीकडे पोचेपर्यंत देवाचं नाव पुटपुटत असतात. शेजारची रुक्मिणी तिला चिडवते, "सगुणे, बुडालीस तर मासेच ओळखतील गो तुला, रोज भेटतंस त्यांना." सगुणा हसत नाही.

चिडवणारे तिचा बाप विसरतात. ती नऊ वर्षांची असताना तो मोठ्या बोटीवर खलाशी म्हणून गेला होता, दहा दिवसांच्या फेरीला. बाराव्या दिवशी बोट आली, बोटीचा म्होरक्या तांडेल आला, बाकीचे खलाशी आले, बर्फातली मासळी आली. बाप तेवढा आला नाही. कधी पडला ते कोणाला कळलंच नव्हतं. सकाळी चहाला हाक मारली तेव्हा तो जागेवर नव्हता, एवढंच सांगितलं त्यांनी. वादळ नाही, बोट फुटली नाही, काहीच नाही. मोजताना एक माणूस कमी भरला, एवढंच.

तेव्हापासून सगुणाने आयुष्याशी एकच करार केला: जे ठरलेलं आहे ते घ्यायचं, जास्तीच्या मागे जायचं नाही. मालाडच्या बाजारात बाकीच्या बायका ओरडून, भांडून, गिऱ्हाईक बघून भाव लावतात. एखाद्या दिवशी दुप्पट कमावतात, एखाद्या दिवशी बर्फाचे पैसेही सुटत नाहीत. सगुणाने आपली पाटी एका खानावळीला बांधून दिलेली. बारा महिने एकच भाव. लग्नाच्या वेळी दोन स्थळं आली. एकाचा मोठ्या बोटीत हिस्सा होता. दुसरा महादू, त्याच्याकडे एक लहान होडी आणि बापाकडून शिकलेलं मिठागराचे बांध घालायचं काम. पहाटे जाऊन दुपारी जेवायला घरी येणारा नवरा तिने निवडला. तिला कोणी विचारलंच तर ती आजही सांगते की महादूचं नाक चांगलं होतं म्हणून. खरं कारण समुद्राला माहीत आहे.

यंदा होळीनंतर महादूच्या होडीचं इंजिन बसलं. मिस्त्रीने उघडून बघितलं, डोकं हलवलं आणि सांगितलं, तीस हजार. एक रुपया कमी नाही आणि उधारी नाही. घरात तीस हजार नव्हते, तीन हजारही नव्हते. आठवडाभर महादू ओट्यावर बसून जाळं विणत राहिला आणि मग एका सकाळी मढचा दिपेश तांडेल फटफटीवरून आला. त्याच्या मोठ्या बोटीवर एक खलाशी कमी होता. महादू बावन्न वर्षांचा आहे, थंडीत छाती भरते, दम लागतो. पण हाताला अजून पक्का. दिपेश म्हणाला, "चैत्राची अवस झाली की तिसऱ्या दिवशी निघतो, महादूदादा. बारा दिवसांची फेरी. तोवर सांग."

महादूने नाही म्हटलं नाही. सगुणा आत चुलीपाशी उभी होती. तिच्या हातातलं भांडं पडलं नाही की काही नाही, पण ती तिथेच खाली बसली.

मग सौरभसाहेबांचं काम आलं. हा अंधेरीचा माणूस, चाळिशीच्या आतला. खाडीच्या तोंडाशी त्याचा बंगला आहे, शनिवार-रविवारी भाड्याने देतो. मागे नारळाची वाडी, एक विहीर. गेल्या पावसाळ्यात वाडीचा जुना दगडी बांध खचला आणि तेव्हापासून दर उधाणाला खारं पाणी आत येऊन विहीर नासवत होतं. कोणीतरी त्याला महादूचं नाव सांगितलं. महादूने बांधावरून चालत जाऊन पाहिलं, दोन ठिकाणी पाय आपटला आणि म्हणाला, "पुनवेच्या दुसऱ्या दिवशी धरतो, अवसेला सोडतो. अवसेचं उधाण यायच्या आत बांध उभा."

"म्हणजे किती दिवस, काका?"

"पाडवा ते अवस. पंधरा."

"पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून अमावास्येपर्यंत," सौरभने मोबाइलवर टिपून घेतलं. "दोघांचे मिळून वीस हजार उक्ते. चालेल?" आणि मग त्याचे डोळे चमकले. हा माणूस मोबाइलवर लोकांना पैसे कसे वाढतात ते शिकवतो, हजारो लोक ते बघतात, आणि भेटेल त्याला कोडी घालायची त्याला खोड आहे. "नाहीतर दुसरं घ्या. पहिल्या दिवशी एक रुपया. दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी चार. रोज दुप्पट, काम संपेपर्यंत. फक्त मधे खाडा झाला तर आधीचे गेले, पुन्हा एक रुपयापासून सुरू. विचार करून सांगा, मावशी. बहुतेक सगळे वीस हजारच घेतात."

घरी आल्यावर महादू म्हणाला, "येडा हाय. एक रुपया म्हणे. वीस हजार उक्तं घेऊ."

पण त्यांची मुलगी कल्पिता बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने मोबाइल काढला, बोटं चालवली आणि ओरडलीच. "आई, बत्तीस हजार सातशे सदुसष्ट होतात!"

"कशाचं?"

"पंधरा दिवसांचं. थांब, दाखवते." दारामागे खाऊन झालेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्यांची गोणी पडली होती. कल्पिताने ओट्यावर एक शिंपला ठेवला, मग दोन, मग चार. सातव्या ढिगापर्यंत सगुणाला काही वाटलं नाही. आठव्या ढिगाला कल्पिता मोजता मोजता घामाघूम झाली. नववा ढीग अर्धा झाला आणि गोणी संपली. "आता बघ, अजून सहा ढीग बाकी आहेत, आणि शेवटचा एकटाच आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठा. आता नीट ऐक आई, निम्मे पैसे शेवटच्या एका दिवसात आहेत यार. म्हणून लोकांना कळत नाही."

सगुणाला ते कळलं, आणि कळलं म्हणूनच ती शिंपले पुन्हा गोणीत भरायला लागली. चौदा दिवस रक्त आटवायचं आणि निम्मा पैसा पंधराव्या दिवसाच्या हातात. मधे ताप आला, पाय मुरगळला, कोणी मेलं, की पुन्हा एक रुपया. वीस हजार मात्र कुठे जात नव्हते. पण वीस हजारांत इंजिन होत नव्हतं. वरचे दहा हजार कुठूनच येणार नव्हते, आणि दिपेश तांडेल वाट बघत होता.

"दुप्पट घेऊ," सगुणा म्हणाली.

महादूने हातातलं जाळं खाली ठेवलं. "तू? तू सांगतंस हे?"

"मीच सांगतंय."

पुनवेनंतरच्या पाडव्याला काम धरलं. ओहोटीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे जाते, तशी त्यांची कामाची वेळही पुढे जायची. पाणी उतरलं की महादू बांधाच्या पायथ्याशी दगड बसवायचा, सगुणा चिखलातून चिकणमाती आणि पेंढा घमेल्याने वाहायची. महादूची कामाची रीत त्याच्या बापाची होती: आधी तळाचा दगड, तो हलत नाही ना हे टाचेने ठोकून पाहायचं, मग त्याच्याखाली माती ठासायची, मगच वर चढायचं. "तळ बसला का पानी काय करंल?" असं तो दर दगडाला म्हणायचा. पस्तीस वर्षांत त्याचा एक बांध फुटलेला नव्हता. माणसाला मिरवायला एखादी गोष्ट लागते. महादूकडे ही एकच होती.

सातव्या दिवशी त्यांचे चौसष्ट रुपये झाले. दोघांचे मिळून, दिवसभराचे. गल्लीत ही बातमी पोचली आणि मोठीच करमणूक झाली. रुक्मिणी म्हणाली, "चौसष्ट रुपयांत तर फेरीबोटीचं तिकीट आणि वडापाव." महादू त्या दिवशी अर्ध्या जेवणावरून उठला. सगुणाला मात्र लोकांच्या हसण्याचं काही नव्हतं. तिला दिवसांचं भय होतं. जसजसा आकडा वाढत होता तसतशी हरवायची गोष्ट मोठी होत होती. तिसऱ्या दिवशी खाडा झाला असता तर तीन रुपये गेले असते. आता रोज सकाळी उठल्यावर आदल्या दिवसापेक्षा दुप्पट काहीतरी पणाला लागलेलं असायचं. नवव्या दिवशी दगडाला चिकटलेल्या कालवाच्या शिंपल्याने महादूच्या पायाला खोल चीर गेली. तिने हळद भरली, फडकं बांधलं, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवली आणि त्याला पुन्हा चिखलात उभं केलं. अकराव्या दिवशी त्याचं अंग तापलं. तिने कपाळाला हात लावला आणि काढून घेतला. "जास्त नाय," ती खोटं बोलली. त्या दिवशी तिने दगडही उचलले.

बाराव्या दिवशी सौरभ आला. महादूला बघून त्याचा चेहरा उतरला. माणूस वाईट नाही तो. "काका, तुम्ही आजारी आहात. मावशी, ऐका, खेळ पुरे झाला. आपण वीस हजार उक्तेच धरू. दोन दिवस आराम करा, मग उरलेलं करा. चालेल ना?"

आतापर्यंतचे चार हजार पंच्याण्णव रुपये झाले होते. समोर वीस हजार उभे होते, हात जोडून. महादूने मान वर करून सगुणाकडे पाहिलं. त्याला घ्यायचे होते ते. सगुणाची सारी जिंदगी तिला सांगत होती की घे. तिने मनात दिवस मोजले: आज बारस, उद्या तेरस, चौदस, अवस. तीन दिवस.

"नको, सायब. ठरलं तेच राहू द्या."

आयुष्यात पहिल्यांदा तिने हातात आलेलं सोडलं. परत येताना तिला भीती वाटली, पण थोडा अभिमानही वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नळावर गेली तर रुक्मिणी म्हणाली, "उद्या अवस गो. नारळ आणलास?"

"परवा अवस. आज तेरस."

"तेरस कुठली? आज चौदस. बघ जाऊन कॅलेंडर."

हंडा तिथेच टाकून सगुणा घरी आली. भिंतीवरच्या कॅलेंडरात काल द्वादशी होती. आज चतुर्दशी. मधली त्रयोदशी नव्हतीच. एका कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं: क्षय तिथी. असं होतं अधूनमधून. एखादी तिथी गळते, एखादी दोनदा येते. गावात कोणाला त्याचं काही वाटत नाही. पंधरवडा म्हटला की जिभेवर पंधराच येतं, आणि काम एक दिवस आधी संपलं तर एका दिवसाची मजुरी कमी, बस. आजवर एक दिवस म्हणजे एकच दिवस होता. यंदा तो एक दिवस सोळा हजार तीनशे चौऱ्याऐंशी रुपयांचा होता.

"मना पान्यावरून वाटलं होतं," महादू हळूच म्हणाला. "काल भरती लय चढली होती. पन पंधरा मीच बोललो ना." तो खाली मान घालून बसला. मग म्हणाला, "दिपेशला फोन कर. येतो म्हणून सांग."

सगुणाने फोन केला नाही. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी, अवसेला, दोघांनी बांध पुरा केला. संध्याकाळच्या ओहोटीत शेवटचा दगड बसला. सौरभ मुक्कामालाच आला होता, दुसऱ्या दिवशीचं उधाण बघायला. बांधावरून तो लहान मुलासारखा तीनदा चालत गेला. मग त्याने मोबाइल काढला. "चौदा दिवस. सोळा हजार तीनशे त्र्याऐंशी."

सगुणा पुढे झाली. अंगावर चिखल, पदर खोचलेला. आपण काय बोलणार आहोत हे ती दोन दिवस पाठ करत होती, आणि आता सगळं विसरली. "सायब, आमी पंधराचं बोललो होतो. तेरस गळाली. आमच्या घरात... ह्यांना मोठ्या बोटीवर जावं लागंल. एक दिवस धरा. पाया पडते."

सौरभ गोंधळला. त्याला खरंच वाईट वाटलं. पण कोड्यांवर प्रेम करणाऱ्या माणसाला नियम फार प्यारा असतो. "मावशी, ठरलं होतं अमावास्येपर्यंत. काम पूर्ण झालंय. परवा मी वीस हजार देत होतो, तुम्हीच नको म्हणालात ना? नियम मोडला तर मग त्याला अर्थ काय राहिला?" तो थोडा हसला. "उद्या काही काम निघालं तर उद्याचा पंधरावा दिवस, शब्द माझा. पण आता काम कुठे आहे? काकांनी बांध इतका झकास घातलाय."

सगुणा रात्रभर जागी होती की नाही हे तिला स्वतःलाच नीट आठवत नाही. एवढं आठवतं की पहाटे ओहोटीला ती कालवं काढायची कोयती आणि टोपली घेऊन निघाली. ओहोटीत कोयती घेऊन निघालेल्या कोळणीला कोण काय विचारणार? बंगल्याच्या बांधापाशी ती खाली बसली. डावीकडून चौथा, तळाचा दगड. तो तिने स्वतः वाहून आणला होता. इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. कोयतीचं टोक दगडाखाली घातलं आणि महादूने ठासलेली माती उकरायला सुरुवात केली. माती निघत नव्हती, इतकी घट्ट बसवली होती त्याने. ती उकरत राहिली आणि रडत राहिली. थोडीशीच काढायची होती. पाणी झिरपेल, महादूला बोलावतील, तो दोन गोण्या टाकेल, दिवस धरला जाईल. एवढंच. कोणाचं काय नुकसान होणार होतं?

अवसेपेक्षा दुसऱ्या दिवसाचं पाणी जास्त चढतं, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही.

दुपारी साडेबाराला कल्पिताचा फोन वाजला. सौरभ किंचाळत होता. "काकांना पाठवा! पाणी आत येतंय! लवकर!" महादू जेवत होता. ऐकलं आणि त्याचा चेहरा असा झाला की सगुणाने तो पाहून नजर फिरवली. घाबरला नव्हता तो. लाजला होता. हात न धुता तो धावत सुटला आणि सगुणा त्याच्या मागे.

वाडीत नारळांच्या बुंध्याशी पाणी चमकत होतं. बांधाच्या पोटातून धार नव्हती येत, लोंढा येत होता. सकाळची मूठभर माती पाण्याने ओढून ओढून घमेलंभर केली होती. "बाहेरून बुजवायला पाहिजे," महादू म्हणाला, मातीने भरलेली गोणी खांद्यावर घेतली आणि बांधाच्या समुद्राकडच्या बाजूला उतरला. पाणी छातीपर्यंत. तापातून नुकता उठलेला माणूस. त्याने एक गोणी बुडवली. दुसरी घेतली, श्वास घेतला आणि नेमकं भोक चाचपून शोधायला पाण्याखाली गेला.

सगुणा बांधावर उभी होती. पाणी गढूळ, चहासारखं. एक, दोन, तीन, ती मोजत होती. दहा झाले. पाण्यावर गोणीचा एक कोपरा आला आणि पुन्हा खाली गेला. पंधरा. महादूचा एक हात वर आला, पंजा उघडा, हवेत काहीतरी शोधत होता. आणि तोही दिसेनासा झाला. सौरभ ओरडत होता, "काका! काका!" बापाच्या बोटीवर सकाळी जे झालं असेल ते आता तिच्या डोळ्यांसमोर, घरापासून पाव मैलावर, भर दुपारी होत होतं. आणि बापाला कोणी ढकललं नव्हतं.

फेरीबोटीत दांडा धरून बसणाऱ्या त्या बाईने उडी मारली. तिला पोहता येतं, लहानपणी बापानेच शिकवलं होतं. पण तो गेल्यापासून ती कधी खोल पाण्यात शिरली नव्हती. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. दिसायची गरजही नव्हती. ती सरळ चौथ्या दगडाशी गेली. दगड कलला होता आणि त्याच्या व बांधाच्या फटीत महादूचं मनगट अडकलं होतं. पाणी त्याला आत ओढत होतं. तिने दोन्ही पाय बांधाला लावले आणि दगड स्वतःकडे खेचला. एकदा. दोनदा. छाती फुटायची वेळ आली. तिसऱ्यांदा दगड हलला.

दोघं वर आली तेव्हा महादू काळानिळा झाला होता. सौरभने हात दिला. वाडीच्या चिखलात महादू पालथा पडून खोकत राहिला, पाणी ओकत राहिला, आणि सगुणा त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत राहिली. तिच्या तोंडून एकच शब्द निघत होता, "देवा, देवा." तिला देवाकडे काही मागायचं नव्हतं. तिला त्याच्यासमोर जायचीच भीती वाटत होती.

भरती उतरल्यावर, मनगट सुजलेलं असताना, महादूने एका हाताने तो दगड पुन्हा बसवला. कोणी सांगितलं नव्हतं. सौरभने संध्याकाळी पैसे दिले: बत्तीस हजार सातशे सदुसष्ट. त्यानंतर त्याने कोणाला ते कोडं घातल्याचं ऐकिवात नाही.

इंजिन झालं. दिपेश तांडेल दुसरा खलाशी घेऊन गेला. महादू पुन्हा पहाटे जातो आणि जेवायला घरी येतो. सगुणाला जे हवं होतं ते सगळं मिळालं. पण महादूचं काहीतरी गेलं. वाडीवाल्यांकडून बांधाची दोन कामं आली, दोन्ही त्याने सोडली. "हात गेला माझा," तो म्हणायचा. जाळ्याची गाठ मारली की पुन्हा ओढून बघायचा, होडी बांधली की परत जाऊन दोर तपासायचा. त्याच्या तोंडचं ते वाक्य सगुणा ऐकायची आणि खरं सांगायला तोंड उघडायची. पण मग तिला फोन आल्यावरचा त्याचा चेहरा आठवायचा, आणि ती भीतीने पुन्हा तोंड मिटायची.

एकच गोष्ट मात्र महादू आवडीने सांगायचा. ओट्यावर कोणी बसलं की सुरू. आपली बायको किती भित्री, आणि त्या दिवशी तिने कशी उडी मारली. पावसाळ्यात, होड्या किनाऱ्याला बांधलेल्या असताना, एका दुपारी रुक्मिणी आणि तिचा नवरा बसले होते. सगुणा दारात सुकट निवडत होती.

"पानी असं गढूळ, स्वतःचा हात दिसत नव्हता," महादू सांगत होता. "माझं मनगट अडकलेलं, वीस हात लांब बांध, त्यात कुठं शोधनार? पन ही बाई अशी आली, सरळ, कुठं चाचपलं नाय, कुठं थांबली नाय. डावीकडून चौथा दगड. सरळ त्याच दगडाला..."

तो थांबला. तोंड उघडंच होतं. रुक्मिणी म्हणाली, "मग?" महादूने वळून सगुणाकडे पाहिलं. सगुणाचे हात सुकटीत तसेच राहिले. तिने मान वर केली नाही, पण त्याची नजर तिला मानेवर, पाठीवर, हातांवर कळत होती.

"मग काय," महादू शेवटी म्हणाला. "वाचलो."

त्यानंतर ती गोष्ट त्याने कोणाला सांगितली नाही. तिला एका शब्दाने विचारलं नाही. त्याच आठवड्यात गोराईचा एक माणूस बांधाचं काम घेऊन आला, आणि महादू ताबडतोब हो म्हणाला, भावदेखील ठणकावून लावला. पस्तीस वर्षांत त्याचा एकही बांध फुटलेला नाही, असं त्याने त्या माणसाला सांगितलं.

कामाच्या पहिल्या दिवशी सगुणा घमेलं आणि फडकं घेऊन दाराशी तयार उभी राहिली, नेहमीसारखी. महादूने चपला घातल्या, पहार उचलली. तिच्याजवळून जाताना तो क्षणभर रेंगाळला.

"तू राहा," तो म्हणाला. "मी दुसरा मानूस घेतलाय."